बोटांची लिपि : ल्यूट वाद्याचें जुनें लेखन आणि आजचा संगणक



शिकागो शहरांतील न्यूबेरी ग्रंथालयांत एक हस्तलिखित वही जपून ठेवलेली आहे. इ. स. १५१७ च्या सुमारास ती व्हेनिस शहरीं तयार झाली. ब्रेशा गांवचा विन्चेन्त्सो कापिरोला हा त्या काळचा नामांकित ल्यूटवादक. त्याच्या व्हिदाल नांवाच्या शिष्यानें गुरूच्या रचना या वहींत उतरून घेतल्या आणि तीं पानें रंगीत चित्रांनीं सजविलीं. चित्रें कां काढलीं याचें कारण त्यानें आरंभींच देऊन ठेवलें आहे. मालकांना मोल न समजल्यामुळें कितीतरी सुंदर रचना नष्ट झाल्या; तेव्हां ही वही उद्यां ज्याला संगीतांतलें ओ कीं ठो कळत नाहीं अशा माणसाच्या हातीं पडली, तरी निदान चित्रांच्या लोभानें तो ती फेंकून देणार नाहीं, असा त्याचा हिशेब होता.

हिशेब बरोबर ठरला. पांचशें वर्षें लोटलीं, वही शाबूत आहे. परंतु वही वांचली म्हणजे तींतलें संगीत वांचलें असें होत नाहीं. व्हिदालच्या चित्रांच्या मधोमध सहा सहा रेषा आंखलेल्या आहेत आणि त्या रेषांवर आंकडे मांडलेले आहेत. शून्य, दोन, तीन, पुन्हां शून्य. अनभिज्ञ माणसाला तें एखाद्या वाण्याच्या खातेवहीचें पान वाटावें. ही जी आंकड्यांची लिपि, तिला युरोपांत टॅब्लेचर म्हणतात. तिचा जन्म, तिचा विसर आणि आज तीच लिपि संगणकांत उतरवितांना उभे राहणारे प्रश्न, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

ल्यूट हें वाद्य आपल्याकडे फारच थोड्यांनीं पाहिलें असेल. पातळ लाकडी पट्ट्या जोडून केलेलें फुगीर पोट, आंखूड व रुंद दांडी, आणि दांडीच्या टोकाला मागच्या बाजूस मोडल्यासारखी दिसणारी खुंट्यांची पेटी, असें त्याचें रूप आहे. अरबांचा ‘ऊद’ हा त्याचा पूर्वज. ‘अल्-ऊद’ या अरबी नांवाचाच अपभ्रंश होऊन ल्यूट हा शब्द झाला. स्पेन व सिसिली या वाटांनीं तें युरोपांत शिरलें. आजच्या ऊदला पडदे नसतात. ल्यूटला असतात, आणि ते आपल्या सतारीच्या पडद्यांप्रमाणें दांडीला बांधलेले व सरकवितां येणारे असतात. सतारीचे पडदे धातूचे, ल्यूटचे तांतीचे, एवढाच भेद. सोळाव्या शतकांतील ल्यूटला तारांच्या सहा जागा असत. सर्वांत बारीक तार बहुधा एकटी, बाकीच्या दोन दोन जोडीनें. अशा जोडीलाही मी सोयीसाठीं एकच तार म्हणणार आहें. तारा मिळविण्याची रीत ठरलेली होती: शेजारच्या दोन तारांमध्यें षड्ज-मध्यमाचें अंतर, आणि फक्त मधल्या दोन तारांमध्यें षड्ज-गांधाराचें.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हें वाद्य बहुतेक पिसाच्या नखीनें छेडीत. नखीनें एका वेळीं एकच सुरावट वाजते. पुढें वादकांनीं नखी टाकून बोटें धरलीं, आणि मग एकाच वादकाच्या हातून दोन, तीन, क्वचित् चार सुरावटी एकाच वेळीं चालूं लागल्या. गवयांच्या संचानें गावयाची रचना एकटा माणूस मांडीवर वाद्य घेऊन ऐकवूं लागला. इतकें सारें स्मरणांत ठेवणें अवघड. म्हणून लिहिण्याची गरज उत्पन्न झाली.

आतां लिहावयाचें म्हणजे काय लिहावयाचें? स्वर कीं बोट? पियानोच्या पुस्तकांत पांच रेषांवर टिंबें मांडलेली जी लिपि आपण पाहतों ती स्वर लिहिते. कोणता स्वर, किती वेळ, हें ती सांगते. तो कोठून काढावा हें ती सांगत नाहीं. कै. भातखंडे यांनीं आपल्या क्रमिक पुस्तकांतून जी पद्धति रूढ केली तीही स्वर लिहिणारीच आहे. सतारिया असो, गवई असो, ‘ग’ हा दोघांनाही ‘ग’च. टॅब्लेचरचा मार्ग याच्या अगदीं उलट आहे. सहा रेषा म्हणजे सहा तारा. रेषेवरील आंकडा म्हणजे पडद्याचा क्रमांक. शून्य म्हणजे मोकळी तार. वर कालमानाची खूण. बोट येथें ठेव, आतां छेड. येवढेंच ती सांगते. कोणता स्वर निघेल याची वाच्यताही करीत नाहीं.

हें लेखन छापून प्रथम बाजारांत आणलें तें व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची यानें. संगीत छापण्याचा अनन्य अधिकार त्यानें इ. स. १४९८ मध्येंच व्हेनिसच्या सरकाराकडून मिळविला होता, आणि त्यांत ल्यूटच्या टॅब्लेचरचा उल्लेख होता. इ. स. १५०७ मध्यें फ्रान्चेस्को स्पिनाचिनो याच्या रचनांचीं दोन पुस्तकें निघालीं. ल्यूटचें छापील संगीत म्हणून आज हातीं असलेलीं हींच सर्वांत जुनीं. तिसरें पुस्तक निघालें होतें, पण त्याची एकही प्रत उरलेली नाहीं. चौथें, दाल्त्साचें, १५०८ सालचें. या पुस्तकांच्या आरंभीं वाचकांसाठीं एक नियमावली छापलेली असे आणि ती कोणासाठीं आहे हें तिच्या मथळ्यावरच सांगितलेलें असे: ज्यांना गातां येत नाहीं त्यांच्यासाठीं. गातां येत नाहीं म्हणजे स्वरलिपि वाचतां येत नाहीं. मला हा मथळा फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळीं स्वरलिपीचें ज्ञान हें चर्चच्या गायकवर्गाचें आणि त्यांच्या शाळांचें धन होतें. पेत्रुच्चीनें तें कुंपण ओलांडून पेठेंतल्या व्यापाऱ्याच्या, वकिलाच्या, त्यांच्या मुलामुलींच्या हातीं संगीत दिलें. पंडितांनीं पुढें या लिपीला अडाण्यांची लिपि म्हणून नाकें मुरडलीं. परंतु त्याच लिपींत युरोपांतील अत्यंत सूक्ष्म अशी कला लिहिली गेली आहे.

लिपि एक, पण रीति चार. इटालियन रीतींत सर्वांत खालची रेषा म्हणजे सर्वांत बारीक, उंच स्वराची तार. हें उलटें वाटतें. परंतु वादक वाद्य मांडीवर घेऊन खालीं पाहतो तेव्हां जाड तार त्याच्या तोंडाकडे आणि बारीक तार जमिनीकडे असते. कागद हा हाताचा आरसा, असा त्या रीतीचा विचार. फ्रेंचांनीं आंकड्यांच्या जागीं अक्षरें घेतलीं आणि उंच तार वरच्या रेषेवर ठेवली. पॅरिसच्या प्येर आतेन्याँ यानें १५२९ सालीं या रीतीचें पुस्तक छापलें, आणि पुढें इंग्लंडनेंही तीच उचलली. जॉन डाउलंडचीं गीतें १५९७ सालीं छापलीं गेलीं तीं याच अक्षरांत. तिसरी रीत स्पेनची. तिच्याकडे मला शेवटीं परत यावयाचें आहे.

चौथी जर्मन रीत. तिच्यासारखें विचित्र लेखन मीं दुसरें पाहिलेलें नाहीं. तींत रेषाच नाहींत! तेव्हांच्या पांच तारांच्या ल्यूटवर मोकळ्या तारांना एक ते पांच आंकडे, आणि पुढें तार व पडदा यांच्या प्रत्येक छेदबिंदूला एक स्वतंत्र अक्षर. पहिल्या पडद्यावर पांच अक्षरें, दुसऱ्यावर पुढचीं पांच, असें करीत पांचव्या पडद्यापर्यंत पंचवीस चिन्हें. वर्णमालेचीं तेवीस अक्षरें संपलीं म्हणून शेवटीं आणखी दोन खुणा जोडल्या. पुढें सहावी तार आली तेव्हां अक्षरें उरलींच नव्हतीं, आणि मग जो तो आपल्या मनाप्रमाणें चिन्हें घालूं लागला. या लिपीचा जनक म्हणून झेबास्टियान फिर्दुंग या लेखकानें १५११ सालीं न्यूरेंबर्गच्या कोनराड पाउमानचें नांव दिलें आहे. पाउमान हा जन्मांध होता. तो १४७३ सालीं म्यूनिक येथें वारला; तेथील फ्राउएनकिर्खे या चर्चमधील त्याच्या समाधिशिलेवर तो ऑर्गन वाजवीत बसलेला आणि त्याच्याभोंवतीं ल्यूट इत्यादि वाद्यें कोरलेलीं आहेत. मार्टिन आग्रिकोला यानें पुढें या लिपीची थट्टा केली. आंधळ्यानें अक्षरें कशीं शोधलीं, असा त्याचा रोंख. थट्टा करणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानांत आली नाहीं. ज्याला कागद दिसत नाहीं त्याला रेषा निरर्थक आहेत. त्याला लेखनिकास सांगावयाचें असतें. प्रत्येक जागेला एकेक नांव असलें म्हणजे रचना तोंडानें सांगतां येते: क, मग च, मग त. तार कोणती, पडदा कोणता, अशी दोनदां विचारपूस नको. हें अनुमान आहे हें मी कबूल करतों. परंतु त्या लिपीकडे या दृष्टीनें पाहिलें कीं ती विचित्र वाटेनाशी होते.

आतां या लिपीच्या गुणदोषांचा विचार करूं, कारण पुढचा सारा घोटाळा त्यांत आहे.

त्या काळच्या गायनाच्या पुस्तकांत तीव्र-कोमलाच्या सर्व खुणा लिहीत नसत. कोणत्या जागीं स्वर चढवावा, कोठें उतरवावा, हें शिकलेल्या गवयाला ठाऊक असे. लिहून दाखविणें म्हणजे त्याच्या ज्ञानाचा अपमान. आज त्या पुस्तकांवरून गातांना विद्वानांचे कडाक्याचे मतभेद होतात. परंतु तीच रचना एखाद्या वादकानें ल्यूटवर उतरविली असेल तर संशयाला जागा राहत नाहीं. बोट दुसऱ्या पडद्यावर ठेवावयाचें कीं तिसऱ्यावर, हें त्याला लिहावेंच लागतें. झोस्कँ द प्रे याच्यासारख्या महान् रचनाकारांचीं गीतें त्यांच्या काळीं कशीं ऐकूं येत याची साक्ष अशीं हीं ‘अडाण्यांचीं’ पुस्तकें देतात.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी कीं, स्वर किती वेळ टिकवावा याविषयीं ही लिपि जवळजवळ मुकी आहे. वरची कालमानाची खूण सांगते ती एवढेंच कीं, या छेडीनंतर पुढची छेड किती वेळानें येईल. समजा, जाड तारेवर एक खर्जाचा स्वर छेडला, आणि मग बारीक तारेवर चार जलद स्वर घेतले. खर्ज त्या चारही स्वरांखालीं घुमत राहावा कीं पहिल्यालाच थांबावा? कागद बोलत नाहीं. बारीक तारेवरील स्वर एका सुरावटीचे कीं दोन सुरावटींचे प्रश्नोत्तर? कागद बोलत नाहीं. याचें उत्तर वादकाच्या हाताला माहीत असे. कापिरोलाच्या त्या चित्रमय वहींतच एक सूचना आहे. तिचा भावार्थ असा कीं, डाव्या हाताचें बोट एकदां तारेवर बसलें कीं दुसरीकडे त्याची गरज लागेपर्यंत उचलूं नये. यांतच सारें रहस्य आहे. म्हणजे कालमान कागदावर नाहीं, तें बोटांच्या आळसांत आहे!

स्वरांत नेमकी आणि काळांत मोघम, अशी ही लिपि. व्हिन्चेन्त्सो गालिलेई यानें इ. स. १५६८ मध्यें ‘फ्रोनिमो’ नांवाचा संवादग्रंथ लिहिला. गायनाची रचना ल्यूटवर कशी उतरवावी याचे नियम त्यांत आहेत. हा व्हिन्चेन्त्सो म्हणजे सुप्रसिद्ध ज्योतिर्विद गॅलिलिओ याचा पिता, आणि मुलगाही ल्यूट उत्तम वाजवीत असे. प्रत्येक पडदा उरलेल्या तारेच्या अठराव्या भागावर बांधावा, हा हिशेबही बापानेंच १५८१ च्या आपल्या दुसऱ्या ग्रंथांत सांगितला. त्या घरांत मोजमापाचा नाद पहिल्यापासूनच होता म्हणावयाचा.

पुढील दोन शतकांची कथा थोडक्यांत सांगतों. तारा वाढत गेल्या. दांडीबाहेरून जाणाऱ्या, बोटानें न दाबतां नुसत्या छेडावयाच्या खर्जाच्या तारा आल्या. अठराव्या शतकांतील जर्मन ल्यूटला तारांच्या तेरा जागा झाल्या. मिळवणीही फ्रान्समध्यें सतराव्या शतकांत पालटली. अशा वाद्याचा सूर जुळवितां जुळवितां वादकाचें आयुष्य निघून जातें, अशी कोटी योहान मात्तेझोन यानें १७१३ सालीं केली ती त्या वाद्याला कायमची चिकटली. इ. स. १७५० मध्यें बाख वारला त्याच वर्षीं झिल्व्हियुस लेओपोल्ड वाइस हा अखेरचा थोर ल्यूटकार वारला. त्यानंतर पन्नास वर्षांत वाद्य भिंतीवर आणि पुस्तकें कपाटांत गेलीं. लिपि वाचणारा हात संपला आणि लिपि मुकी झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांनीं तीं कपाटें उघडलीं. इटलींतील ऑस्कार किलेझोत्ती यानें ल्यूटचीं कितीतरी पानें पंचरेषी लिपींत उतरवून छापलीं. त्याचें ऋण मोठें आहे. त्याच्या पुस्तकांवरूनच ओत्तोरीनो रेस्पिगी यानें १९१७ सालीं आपली प्राचीन नृत्यगीतांची पहिली वाद्यवृंदमाला रचली आणि विसरलेले ते सूर पुन्हां हजारोंच्या कानीं पडले. परंतु पंचरेषी लिपीला प्रत्येक स्वराची लांबी सांगावीच लागते. जेथें मूळ कागद मुका होता तेथें उतरविणाऱ्याला स्वतःच्या मतानें बोलावें लागलें. आणि छापील पानावर मूळ लेखकाचें बोलणें कोणतें व संपादकाचें कोणतें, हें वाचकाला कळण्याचा कांहीं मार्ग उरला नाहीं. शिवाय स्वर आला पण बोट गेलें. तोच स्वर ल्यूटवर दोन-तीन जागीं मिळतो. मोकळ्या पहिल्या तारेचा स्वर दुसऱ्या तारेच्या पांचव्या पडद्यावरही आहे. एक लख्ख, दुसरा मवाळ. जुन्या वादकानें जाणूनबुजून केलेली ही निवड पंचरेषी पानावरून पुसली गेली. आर्नोल्ड डोल्मेच याच्यासारख्या कारागिरांनीं विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुन्हां ल्यूट घडविले, इंग्लंडांत १९५६ सालीं ल्यूट सोसायटी स्थापन झाली, आणि वादक हळूहळू मूळ टॅब्लेचरकडे वळले. आज बहुतेक सर्व ल्यूटवादक त्यावरूनच वाजवितात.

या वळणावर संगणक आला. पॅरिसमध्यें हेलेन शार्नासे यांच्या मंडळानें १९७० नंतरच्या दशकांत जुन्या टॅब्लेचरचें पंचरेषी लिपींत यंत्राकरवीं रूपांतर करण्याचे प्रयोग केले. लंडनच्या टिम क्रॉफर्ड यांनीं ‘टॅबकोड’ नांवाची एक सांकेतिक पद्धति तयार केली. तिचें मर्म अगदीं साधें आहे: आधीं कालमानाचें अक्षर, मग पडद्याचें अक्षर, मग तारेचा अंक. बस्स! पान जसें आहे तसें ओळीनें टंकित करावयाचें. स्वर कोणता, सुरावट कोणाची, यांवर एक शब्दही नाहीं. याच पद्धतीवर १९९९ सालीं ल्यूटसंगीताचा एक मोठा विद्युत्संग्रह लंडनांत सुरू झाला. ल्यूटसाठींच केलेल्या एका प्रचलित सॉफ्टवेअरला त्याच्या कर्त्यानें ‘फ्रोनिमो’ हेंच नांव दिलें आहे. गालिलेईला तें आवडलें असतें. आणि ‘म्यूझस्कोअर’ नांवाचें जें स्वरलेखनाचें सॉफ्टवेअर फुकट मिळतें, त्याच्या २०१५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ल्यूटच्या जुन्या रीतींची सोय त्यांतही झाली.

सोय झाली म्हणजे काम सोपें झालें काय? मीं हौसेनें एक पान उतरविण्यास घेतलें, त्याची हकीकत सांगतों. तें पान लुईस मिलान याच्या ‘एल माएस्त्रो’ या पुस्तकांतलें. १५३६ सालीं स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथें छापलेलें. वाद्य व्हिवेला, आकार गिटारसारखा, पण तारांची मिळवणी ल्यूटचीच. हें पुस्तक पोर्तुगालचा राजा तिसरा जोआंव यास अर्पण केलेलें आहे. आपल्या गोमंतकावर तेव्हां सत्ता चालत होती ती याच राजाची, हें जातां जातां सांगतों.

संगणकानें पहिलाच प्रश्न विचारला: पहिल्या तारेचा स्वर कोणता? त्याला पंचरेषी लिपि ही मातृभाषा. स्वर सांगितल्याशिवाय पान उघडेना. मिलानचें उत्तर पुस्तकांत आहे: पहिली तार सोसेल तितकी चढवावी आणि बाकीच्या तिच्याशीं मिळवाव्या. वाद्य लहान तर स्वर उंच, मोठें तर खालचा. आपला गवई आपल्या गळ्याचा षड्ज धरतो तसेंच हें. यंत्राला असा षड्ज समजत नाहीं. शेवटीं मीं रूढीप्रमाणें एक स्वर सांगून टाकला. आणि मिलाननें कधींही न लिहिलेली पहिली गोष्ट माझ्या हातून त्याच्या नांवावर जमा झाली.

मग रीत निवडावयाची. पानावर आंकडे होते म्हणून मीं बेधडक इटालियन रीत निवडली आणि संध्याकाळभर आंकडे भरीत बसलों. वाजवून पाहतों तों नुसता कोलाहल! संगणकाची तक्रार कांहींच नव्हती. तो शांतपणें चुकीचें वाजवीत होता. चूक माझी होती. स्पेनचे इतर सारे ग्रंथकार इटालियन रीतीनेंच लिहितात, परंतु एकटा मिलान आंकडे ठेवून उंच तार वरच्या रेषेवर मांडतो. हें त्यानें पुस्तकांत सांगितलेलें आहे. मीं वाचलें नव्हतें. आजच्या गिटारच्या पुस्तकांत हीच मिलानची रीत चालते, ही त्यांतली गंमत. सारें पान पुन्हां भरलें.

दुसरा कच्चा मुद्दा कालमानाचा. हीं सॉफ्टवेअरें एका मात्रेंत लिहिलेला स्वर मात्रा संपतांच तोडतात. कागदावर ज्या खर्जाच्या तारा घुमत असाव्या त्या यंत्रांत ठेंचकाळत चालल्या. त्या लांबवावयाच्या तर वेगवेगळ्या सुरावटी मानून त्या निरनिराळ्या थरांत लिहाव्या लागतात. म्हणजे किलेझोत्तीनें शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं केलें तेंच करावयाचें. मीं प्रथम तसें केलें. पान कानाला गोड झालें, आणि मूळ पानाशीं ताडून पाहतांना मला त्याची लाज वाटली, कारण निम्मी लांबी माझ्या मनची होती. मग मीं दोन प्रति केल्या. एक जशीच्या तशी, आंकड्यास आंकडा, जेथें छपाईची चूक असावी असा संशय आला तेथेंही छापील आंकडाच ठेवून बाजूला टीप देऊन. दुसरी कानासाठीं, आणि तिच्या माथ्यावर स्वरांची लांबी माझी आहे असें स्पष्ट लिहून. हें काम करणाऱ्यानें या दोन प्रति कधींही एकत्र करूं नयेत, असें माझें मत झालें आहे. पहिली नसेल तर दुसरी करूंच नये.

गतीची गोष्ट आणखी निराळी. मिलान आपल्या कांहीं रचनांविषयीं सांगतो कीं, स्वरसंघ येतील तेथें सावकाश वाजवावें आणि तानांची धांव येईल तेथें जलद. कागदावर मात्र दोहोंचें कालमान एकसारखेंच दिसतें. संगणकाला मात्रा म्हणजे मात्रा. तेव्हां प्रत्येक तानेच्या आरंभीं गति वाढवा, अंतीं कमी करा, अशा गुप्त सूचना पेरीत बसावें लागतें, आणि त्या पेरल्यावरही जें निघतें तें तबल्याशीं भांडणाऱ्या सतारियासारखें वाटतें. मीं तो नाद सोडला.

सर्वांत अडलों तें मात्र तांबड्या आंकड्यांपाशीं. ‘एल माएस्त्रो’मध्यें कांहीं गीतें आहेत. त्यांत गायकाची सुरावट वेगळी न मांडतां वादकाच्या टॅब्लेचरमध्येंच घातली आहे. जे आंकडे गावयाचे ते तांबड्या शाईनें छापले आहेत. तो आंकडा एकाच वेळीं बोट आहे आणि कंठही आहे. वाजवणारा तोच गाणारा, अशी ती सारी कल्पना. संगणकापाशीं याला जागा नाहीं. त्याच्या मतें गाणें पंचरेषेवर, वाजवणें टॅब्लेचरवर. दोघांचें घर एक कसें असेल? गाणें वेगळ्या रेषांवर उचलून ठेवलें तर मिलाननें ज्या दोन गोष्टी एका चिन्हांत जोडल्या होत्या त्या तुटतात. अखेरीस मीं एकेक आंकडा निवडून त्याला हातानें तांबडा रंग दिला. यंत्राच्या लेखीं तो रंग म्हणजे नुसती सजावट; त्याचा अर्थ त्याला कळत नाहीं.

पडद्यावर तें पान आतां तांबड्या-काळ्या आंकड्यांनीं मूळ पुस्तकासारखें दिसतें. माझ्याजवळचें छपाईयंत्र काळ्या शाईचेंच आहे, म्हणून कागदावर तें अजून उतरलेलें नाहीं.